भावाच्या भरवशावर

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली दिला. तरीही वारसनोंदीची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत गावोगाव चालू आहे. तिच्या समर्थनार्थ सांगितली जाणारी कारणेही ठरलेली असतात: लग्नात दिले तेवढे पुरे, जमिनीचे तुकडे होतात, आणि भाऊ आहे तोवर बहिणीला काही कमी पडणार नाही. इंग्लंडमधील हॅम्पशरमध्ये राहायला आल्यानंतर इथल्याच जेन ऑस्टिन या लेखिकेच्या कादंबऱ्या पुन्हा वाचताना ही तिन्ही कारणे मला दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज जमीनदारांच्या घरांत भेटली.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधील बेनेट कुटुंबाच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड आहे, पण ती पुरुष वारसाकडेच जाईल अशी तजवीज आधीच्या पिढीने दस्तऐवजात करून ठेवली आहे. पाच मुलींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला हजार पौंड येणार, तेही आईच्या पश्चात. मुलींच्या लग्नासाठी आईची जी तगमग पुष्कळ वाचकांना हास्यास्पद वाटते, ती या आकड्यांपुढे ठेवून वाचली तर तिच्यावर हसवत नाही.

लग्नात दिलेल्या पैशाचे काय होत असे, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रज मुलीला माहेरहून मिळालेली रक्कम, लग्नापूर्वी करार करून विश्वस्तांकडे सोपवली नसेल तर, नवऱ्याच्या मालकीची होई. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे हुंड्यात आणि मानपानात गेलेला पैसा तरी मुलीच्या हाती कुठे राहतो? जो तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो तिचा हिस्सा म्हणून मोजणे मला मान्य नाही.

तुकड्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. थोरल्या मुलाला सर्व जमीन देण्याच्या पद्धतीमुळे इंग्रज घराण्यांच्या मोठ्या जमिनी शाबूत राहिल्या. परंतु त्याची झळ धाकट्या मुलांनाही लागली आणि त्यांना चर्च, सैन्य किंवा आरमाराची वाट धरावी लागली. आपल्याकडे चार भावांत वाटणी करताना तुकड्यांची चिंता मागे पडते आणि बहीण पुढे आली की ती जागी होते.

उरला भावाचा भरवसा. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) या कादंबरीत मरणासन्न वडील मुलाकडून सावत्र आई आणि तीन बहिणींना सांभाळण्याचे वचन घेतात. तो मनाशी तीन हजार पौंड ठरवतो. मग बायकोशी बोलता बोलता ते निम्मे होतात, त्यानंतर आईला वर्षाला शंभर, मग कधीमधी पन्नास, आणि अखेरीस घर शोधायला व सामान हलवायला मदत आणि हंगामात मासळी व शिकार पाठवणे एवढ्यावर सारे मिटते. हा माणूस दुष्ट नाही. प्रत्येक पायरीवर त्याला आपले वागणे रास्तच वाटत असते आणि बहिणींपाशी मागणी करायला कोणताही आधार नसतो.

ऑस्टिनला भावांची दुसरी बाजूही ठाऊक होती. १८०५ मध्ये वडील वारल्यावर ती, तिची आई आणि बहीण भावांनी दिलेल्या पैशांवर अवलंबून होत्या. श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतलेल्या एडवर्ड या भावाने १८०९ मध्ये आपल्या चॉटन येथील मालमत्तेतले एक घर त्यांना राहायला दिले आणि तिच्या कादंबऱ्या तेथूनच छापायला गेल्या. भाऊ चांगले असूनही स्थिर घर मिळायला चार वर्षे लागली.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे, की वडिलांचे दिवसकार्य संपते न संपते तोच बहिणीपुढे कागद ठेवू नये. आधी सातबाऱ्यावर तिचे नाव लागू द्यावे, उतारा तिच्या हाती द्यावा आणि पुढे कधी तिला आपला हिस्सा भावाला द्यावासा वाटला तर तिने तो आपणहून द्यावा.