माणूस राहू नका, जमीन व्हा

मे महिना संपत आला की पुण्यात काही माणसं अस्वस्थ व्हायला लागतात. हापूस संपतोय म्हणून नव्हे, तर ३१ मे जवळ येतेय म्हणून. त्या तारखेच्या आत मिळकतकर भरला की सर्वसाधारण करात पाच टक्के सूट मिळते, घर बेताचं असेल तर दहा टक्के. ही माणसं मुदतीच्या आतच कर भरतात, पावतीच्या दोन प्रती काढतात, एक फाइलला लावतात आणि दुसरी फाइल हरवली तर हाताशी असावी म्हणून गादीखाली ठेवतात. तुम्ही त्यातले असाल तर हा सल्ला तुमच्यासाठी आहे. नसाल, तर तुमचं आधीच झकास चाललंय, इथे वेळ घालवू नका.

आधी बिल हातात घ्या. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्ष कर, शिक्षण उपकर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर. 'लाभ' हा शब्द दोनदा आलाय, तो नीट डोळ्यांत साठवून घ्या. बहुधा तिथेच भेटेल. दुरुस्तीसाठी पाणी बंद असलेल्या गुरुवारांचा लाभ त्यातून वजा होत नाही. स्वतःच्या घरात राहता म्हणून मिळणारी चाळीस टक्के सवलत खालच्या ओळीत दिसेल. ती १९७० पासून होती, मध्येच गेली, २०२३ मध्ये परत आली. परत आली ती मात्र 'आपण आपल्याच घरात राहतो' हे पीटी-३ नावाच्या अर्जावर सिद्ध करणाऱ्यांसाठी. तुम्ही सिद्ध केलंत. सोसायटीचं पत्र, गॅसचं पुस्तक, मतदार ओळखपत्र, सगळं जोडलंत. इतकी वर्षं ज्या घराचा कर भरत होता तिथे आपण खरोखर राहतो, याची तुम्हालाही त्या निमित्ताने खात्री पटली.

तुमची मूळ चूक पुराव्यांत नाहीच. तुम्ही माणूस आहात, तुमचा सदनिका क्रमांक आहे, घर जुन्या हद्दीत आहे आणि भोगवटापत्र तुमच्याकडे आहे, ही चूक. असा माणूस पळून पळून जाणार कुठे? कर जिथून येऊ शकतो तिथूनच येतो. म्हणून माझं ऐका, माणूस राहू नका. जमीन व्हा. त्यातही शहराने हद्दीत घेतलेली, पण कराला न लागणारी जमीन व्हा. हल्ली तिला मागणी आहे.

सगळ्यात भारदस्त प्रकार म्हणजे केंद्र सरकारची जमीन. राज्यघटनेचं कलम २८५ सांगतं की केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातल्या कुठल्याही संस्थेला कर लावता येत नाही. तुमच्या फ्लॅटच्या पाठीशी असं एखादं कलम असतं तर पीटी-३ च्या रांगेत उभं राहावं लागलं असतं का? पुण्यात तर या जमिनीचा सुकाळ आहे. लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, पाषाणला प्रयोगशाळा, शिवाय दोन छावण्या, म्हणजे कॅन्टोन्मेंट. शहर वाढत वाढत या कुंपणांपर्यंत जातं, त्यांना वळसा घालून पलीकडे जातं, आणि नकाशावर सगळं एकाच रंगात रंगवलं जातं. रंग महापालिकेचा, करपात्र रक्कम शून्य.

केंद्र अगदीच काही देत नाही असं नाही बरं का. कर नाही, पण 'सेवाशुल्क' द्यायचं, असं २००९ साली सर्वोच्च न्यायालयात राजकोटच्या प्रकरणात ठरलं. सगळ्या नागरी सेवा घेतल्या तर खाजगी मालमत्तेला जेवढा कर बसला असता त्याच्या ७५ टक्के, थोड्या घेतल्या तर ५० टक्के, आणि काहीच घेतल्या नाहीत तर ३३ आणि एक तृतीयांश टक्के. हे वाचून मला हेवा वाटला. सेवेच्या हिशेबाने पैसे! उंड्रीत किंवा वाघोलीत टँकरच्या पाण्यावर सोसायटी चालवणाऱ्या सेक्रेटरीला हे प्रमाण ऐकवून बघा. तो चहा अर्धवट टाकून राज्यघटना शोधायला उठेल.

छावणीचा मामला तर अभ्यासण्यासारखा आहे. पुण्याची आणि खडकीची छावणी साहेबाच्या वेळची. तिथल्या बोर्डाची कमाई कशी, तर वाहन प्रवेश कर होता, तो २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेला. लष्कराकडून सेवाशुल्क यायचं, ते थकलं. आता छावणीतला नागरी भाग महापालिकेत घ्यायचं बरेच दिवस घाटतंय. देशातल्या छावण्यांपैकी हिमाचलातल्या योलचा नागरी भाग २०२३ मध्ये बाहेर काढून झाला, तेव्हापासून इथेही आशा पालवली आहे. २०२४ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं उदार आहेत. रस्ते, दवाखाने, शाळा अशा नागरी सुविधांच्या मालमत्ता स्थानिक संस्थेला फुकट मिळणार, सोबत देणीही मिळणार. लष्कराचा भाग लष्कराकडेच राहील आणि जिथे केंद्राची मालकी आहे तिथे ती केंद्राचीच राहील. सासरच्यांनी हुंडा नको म्हणावं आणि बदल्यात नवऱ्या मुलाचं कर्ज फेडायला सांगावं, तसा हा व्यवहार. वधूपिता कोण, हे तुमच्या गादीखालच्या पावतीवर लिहिलेलं आहे.

कलम २८५ ची ऐपत नसेल तर गाव व्हा. यात मेहनत आहे, पण करमणूकही आहे.

पुणं गावं खातं, आणि कधी कधी परत बाहेरही काढतं. १९९७ मध्ये ३८ गावं आत घेतली. कराचं नाव निघताच आरडाओरड झाली आणि त्यातली १५ गावं पूर्ण आणि ५ अर्धवट बाहेर गेली. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं, २०२१ मध्ये आणखी २३. महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली आणि क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकलं. त्या दिवशी पेठेतल्या माणसालासुद्धा अभिमान वाटला होता, आणि पेठेतला माणूस अजून कोथरूडला गाव समजतो, हे लक्षात घ्या.

गाव व्हायचं तर वेळ साधा. हद्दीत जायच्या आदल्या रात्री गावात अचानक मनुष्यबळ वाढतं. २३ गावांच्या वेळी ग्रामपंचायतींनी घाईघाईने केलेली भरती चौकशीत उघडी पडली. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणून रात्री झोपायचं आणि महापालिकेचा कर्मचारी म्हणून सकाळी उठायचं, असा तो बेत होता. बिगारी, शिपाई, पाणी सोडणारा, आणि पाणी सोडणाऱ्याचा मदतनीस. पाणी किती होतं, हे विचारू नका.

मग कर. कायद्याप्रमाणे तो एकदम बसत नाही, दरवर्षी वीस-वीस टक्क्यांनी चढत जातो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये जिथे काही शे रुपये घरपट्टी लिहिलेली असते तिथे महापालिकेचे आकडे आले की माणसाला दरदरून घाम फुटतो, आणि ते साहजिक आहे. गावकऱ्याला मी नावं ठेवणार नाही. त्याने शहर मागवलं नव्हतं. घराला जोत्यापासून परवानगी नाही म्हणून वर शास्ती बसते, रस्ता तोच, गटार तेच, आणि पाण्याचं काय? २०२५ च्या सुरुवातीला नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सिंहगड रस्ता या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा शहराला कळलं की समाविष्ट गावांना पाणी विहिरीतून जातं आणि मध्ये शुद्धीकरणाचं केंद्रच नाही. धरण उशाशी असलेल्या गावांची ही गोष्ट आहे. जललाभ करातला लाभ कुठे गेला असेल, याचा शोध त्या महिन्यात मी सोडून दिला.

पण आपण कराबद्दल बोलत होतो. गाव होण्यातली खरी गंमत निवडणुकीच्या वर्षात कळते. २०२४ मध्ये राज्य सरकारने समाविष्ट गावांतल्या करवसुलीला स्थगिती दिली. म्हणजे गाव हद्दीत, जबाबदारी महापालिकेची, बिल छापलेलं, पण वसूल करायचं नाही. तुमच्या सोसायटीला अशी स्थगिती कधी मिळेल? तुमची मतं किती, ऐंशी? त्यातली तीस अमेरिकेत. सोडून द्या.

आणि त्या २३ गावांत नवी इमारत उठली की परवानगीचं शुल्क महापालिकेला मिळालं असतं, असं वाटतं ना तुम्हाला? २०२१ मध्ये गावं आत आली त्याच सुमारास तिथलं नियोजन सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलं. इमारतीचं शुल्क एकाकडे, इमारतीचा कचरा दुसऱ्याकडे. बारा मजल्यांचे टॉवर उभे राहिले, त्यांचं सांडपाणी उतारावरून खाली आलं, आणि उताराच्या खाली कोण राहतं ते तुम्हाला माहीत आहेच. तिथेच तुमचा तो 'जलनिस्सारण लाभ'.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा धडा मात्र वेगळा ठेवा. शहराचा कचरा तिथे गेला, मग पंचवीसेक वर्षांनी, २०१७ मध्ये, शहर कचऱ्याच्या मागोमाग गेलं. गावाला कर आला. गावाने तक्रार केली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही गावांची वेगळी नगरपरिषद निघाली. शहर सात वर्षं राहून परत गेलं. कचरा काही उठून गेला नाही.

धर्मादाय किंवा देवस्थानाची जमीन व्हायचं, हाही मार्ग आहे. निव्वळ पूजेसाठी किंवा दानधर्मासाठी वापरलेल्या इमारतीला सर्वसाधारण कर नाही. पण त्यासाठी आधी देव लागतो. बाल्कनीत तुळस चालत नाही, मी विचारून आलोय.

हे काहीच जमणार नसेल तर शेवटी एक हलका प्रकार उरतो: थकबाकीदार व्हा. यात जमीन व्हावं लागत नाही, नुसतं जमिनीसारखं निवांत पडून राहावं लागतं. महिन्याला दोन टक्के दंड चढतो, म्हणून तुमच्यासारखे लोक घाबरतात. पण थांबा. २०२० मध्ये अभय योजना आली तेव्हा पन्नास लाखांपर्यंत थकवलेल्यांना दंडात ८० टक्के सूट होती. तुम्हाला पाच, त्यांना ऐंशी. फार तर दारात बँड येईल. महापालिकेने थकबाकीदारांच्या दारी खरोखर बँडपथक पाठवलंय, आणि वाजवणारे वाईट वाजवत नाहीत. लग्नात त्याला पैसे मोजावे लागतात.

एवढं वाचून तुमचा निश्चय झाला असेल तर आजच कामाला लागा. सोसायटीची तातडीची सभा बोलवा. विषय: इमारतीस छावणी घोषित करणे. पार्किंगमधल्या दोन्ही झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू आणि वर चुना मारून घ्या, फाटकाशी 'विनापरवाना प्रवेश निषिद्ध' असा फलक लावा, वॉचमनकाकांना शिट्टी द्या आणि येणाऱ्याला आधी 'थांब, कोण आहे' असं विचारायला शिकवा. कुणी कर मागायला आलं तर कलम २८५ म्हणायचं आणि फाटक लावून घ्यायचं. सेवाशुल्काचं विचारलंच तर आम्ही सेवा घेत नाही, एक तृतीयांश पाठवून देऊ, असं सांगा. टँकरच्या पावत्या पुरावा म्हणून जोडता येतील.

ठराव पास व्हायला, वरून मंजुरी यायला थोडा वेळ जाईल. सभेला कोरम होणार नाही, दुसऱ्या मजल्यावरचे जोशी चुन्याच्या खर्चावर हरकत घेतील. तोवर ३१ मे येईल. म्हणून सभेच्या नोटिशीवर सही केली की लगेच जाऊन ते बिल भरून टाका. पाच टक्के उगाच कशाला घालवायचे?