मी न्यायाधीशांना मत देते, म्हणून बोलते आहे

परवा माहेरच्या ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या साताऱ्याकडच्या चुलतभावाने, तावातावाने लिहिलं: न्यायाधीशांनाही निवडणुकीला उभं करा, दर पाच वर्षांनी हात जोडत दारात यायला लागले की निकाल कसे पटापट लागतील बघा.

त्याचा राग मला कळतो. वाटणीचा दावा काकांनी लावला होता. काका गेले, वारस म्हणून दादाचं नाव लागलं, आणि अजून साक्षीपुरावाच चालू आहे. गावी गेले की दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेली कागदांची निळी पिशवी दिसते. तारखेच्या दिवशी ती खाली येते, संध्याकाळी परत खिळ्याला. त्यामुळे दादाला ग्रुपवर एका ओळीत उत्तर द्यावंसं वाटलं नाही. इथे सविस्तर लिहिते.

दादा, मी खरोखरच न्यायाधीश निवडून देते. अमेरिकेत मी राहते त्या टेक्सासमध्ये तालुक्याच्या पातळीवरच्या कोर्टापासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जवळजवळ सगळे न्यायाधीश लोकांच्या मतांवर येतात, तेही पक्षाच्या तिकिटावर. १८७६ च्या राज्यघटनेपासून हेच चालत आलंय. नागरिकत्व मिळाल्यावर माझं पहिलं मोठं मतदान झालं नोव्हेंबर २०१८ मध्ये, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. तेव्हा चाक फिरवून नाव निवडायचं यंत्र होतं. सिनेटर झाला, गव्हर्नर झाला, आणि मग न्यायाधीश सुरू झाले. दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, वारसाहक्काचे, अल्पवयीन मुलांचे. चाक फिरवतेय, फिरवतेय, नावं संपेनात. मतदानाच्या खोलीत फोन वापरायला बंदी, म्हणून घरून चिठ्ठी लिहून नेली होती. दोन रात्री बसून वकील संघटनेचे अभिप्राय वाचले होते, तरी चिठ्ठीत अर्ध्याहून कमी नावं होती. उरलेल्या ठिकाणी मी काय केलं? नावापुढचा पक्ष बघितला आणि बटण दाबलं. कोणाच्या तरी मुलाचा ताबा, कोणाची तरी जन्मठेप ठरवणारा माणूस मी असा निवडला. घरी येताना गाडीत मला अगदी अपराधी वाटत होतं.

तेव्हा सगळ्यात वर एकच बटण दाबून एका पक्षाला सगळीच्या सगळी मतं द्यायची सोयही होती, ती २०२० पासून गेली. २०१८ च्या त्या निवडणुकीत हॅरिस काउंटीत सिनेटच्या लढतीत लोकांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे बेटो ओरूर्क यांना भरभरून मतं दिली. ओरूर्क राज्यात हरले, पण काउंटीत त्या लाटेत रिपब्लिकन न्यायाधीश झाडून सगळे पडले. त्यातले चांगले कोण, वाईट कोण, हे कोणी पाहिलंच नाही. पुढच्या फेब्रुवारीत राज्याचे तेव्हाचे सरन्यायाधीश नेथन हेक्ट यांनी विधिमंडळासमोर सांगितलं की एका फटक्यात सात शतकांचा अनुभव न्यायालयांबाहेर गेला. हेक्ट स्वतः अशाच निवडणुकांमधून वर आलेले होते.

लाट आज याची, उद्या त्याची, हे एक वेळ सोडून देऊ. मला खरी भीती वाटली ती २०२४ मध्ये. टेक्सासमध्ये फौजदारी अपिलांसाठी वेगळं सर्वोच्च न्यायालय आहे, नऊ न्यायाधीशांचं, आणि नऊही जण रिपब्लिकन. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की राज्याचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांना निवडणुकीतल्या गुन्ह्यांचे खटले आपल्या अखत्यारीत, स्थानिक सरकारी वकिलाला वगळून चालवता येणार नाहीत, घटना तशी परवानगी देत नाही. पॅक्स्टन त्यांच्याच पक्षाचे. त्यांनी हा निकाल लक्षात ठेवला. २०२४ अखेर त्या आठांपैकी तिघींची मुदत संपत होती: शॅरन केलर, बार्बरा हर्वी आणि मिशेल स्लॉटर. पॅक्स्टन यांनी तिघींविरुद्ध प्रचार केला, आणि मार्चमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीतच तिघी हरल्या. केलरबाई जवळजवळ तीस वर्षं त्या खुर्चीत होत्या. त्यांचे कित्येक निकाल मला मुळीच पटायचे नाहीत. पण सत्तेतल्या माणसाला "तुला हा अधिकार नाही" असं सांगितलं म्हणून त्या गेल्या, आणि राहिलेल्या सहा जणांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

आता पैसा. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्याच कोर्टात पेन्झॉइल या तेल कंपनीने टेक्साको या दुसऱ्या तेल कंपनीविरुद्ध १० अब्ज डॉलरहून मोठा दावा जिंकला. पेन्झॉइलचे वकील जो जमेल यांनी, ज्यांच्यापुढे हे प्रकरण आलं त्या न्यायाधीशांच्या प्रचाराला १० हजार डॉलर दिले होते, आणि ते नियमात बसत होतं. १९९५ मध्ये देणग्यांवर मर्यादा आली, पण पद्धत तीच राहिली. आमच्या मंडळाच्या गणपतीला एक उमेदवार बाई आल्या होत्या. आरतीला उभ्या राहिल्या, मोदक खाल्ला, सगळ्यांना कार्ड वाटलं. मला आवडल्या त्या. नंतर त्यांच्या निधीसंकलनाच्या जेवणाचं निमंत्रण आलं, त्यावर यजमान म्हणून वकिलांची नावं ओळीने छापलेली. दोन वर्षांनी मला ज्युरीसाठी बोलावणं आलं, तर खुर्चीवर त्याच बाई. शांत, सभ्य, सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या. समोर उभ्या असलेल्या दोन वकिलांपैकी एकाचं नाव मी त्या निमंत्रणावर वाचलेलं होतं. माझी निवड झाली नाही, पुढे काय निकाल लागला मला माहीत नाही. तो न्यायानेच लागला असेल. पण हरलेल्या माणसाला तसं कोणत्या तोंडाने सांगायचं?

याला दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. त्याच २०१८ च्या लाटेत हॅरिस काउंटीत १७ कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीश झाल्या. त्यांना कोणी आपणहून तिथवर नेलं असतं, असं मला वाटत नाही. शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीत केरळमध्ये लहानपणी विड्या वळणारे सुरेंद्रन पटेल २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले. अभिमान वाटतो. आणि आपल्याकडे वरच्या न्यायालयांत कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचाच गट, बंद दाराआड नावं ठरवतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश नेमण्यासाठीच्या आयोगाचा कायदा रद्द केला तेव्हा दादा चिडला होता, मीही चिडले होते.

पण दार उघडायचं म्हणजे थेट प्रचाराचा मांडवच घालायचा, असं नाही ना. मिसुरी राज्याने १९४० मध्ये वरच्या न्यायालयांसाठी वेगळी वाट काढली. वकील, न्यायाधीश आणि सामान्य नागरिकांची समिती तीन नावं सुचवते, गव्हर्नर त्यातलं एक निवडतो, आणि निदान वर्षभर काम पाहिल्यावर लोक फक्त "राहू दे" किंवा "नको" एवढंच सांगतात. हीसुद्धा बिनधोक नाही. आयोवा राज्यात अशाच मतदानात २०१० मध्ये तीन न्यायाधीशांना घरी पाठवलं, कारण समलिंगी विवाहाच्या बाजूने एकमताने निकाल देणाऱ्यांत ते होते. तरी निदान उमेदवार नसतो, तिकीट नसतं, आणि माझ्यासारखी बाई चाक फिरवत नावामागून नावं दाबत नाही.

आणि दादा, तुझ्या दाव्याचं. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या असतात, एकेकाच्या बोर्डावर ढीगभर प्रकरणं असतात, समोरचा वकील तारीख मागतो आणि ती मिळते. निवडणुकीने यातलं काय बदलेल? जागा भरा, कारण नसताना तारीख मागणाऱ्याला दंड लावा, यासाठी ओरडू या, मी तुझ्याबरोबर ओरडते. पण तुझ्याविरुद्ध उभा असलेला आपला भाऊबंद विकास सोसायटीचा चेअरमन आहे. त्याच्या मागे निम्मं गाव आहे, चार गाड्या आहेत, कारखान्यात ओळख आहे. तुझ्याकडे वहिनी, दोन मुलं आणि ती निळी पिशवी. तालुक्याच्या न्यायाधीशाला उद्या मतं मागायला निघावं लागलं, तर तो आधी कोणाच्या ओसरीवर चहाला बसेल?