फास्ट, फिस्ट आणि फीस्ट

रात्री नऊपासून पोटात पाण्याखेरीज काही नाही, अशा अवस्थेत सकाळी सातला मुलुंडहून दादर गाठणाऱ्या माणसाशी कुणी इंग्रजीत बोलू नये. निदान तोंडाला मास्क लावून तर नकोच.

लॅबमध्ये माझा नंबर लागला. मास्कवाल्या मुलीने दंडाला रबरी पट्टा करकचून आवळत विचारलं, "काका, फास्ट ना?"

"छे हो, स्लो पकडली. सकाळच्या फास्टमध्ये मुलुंडला पाय ठेवायला मिळतो का?"

बहुधा तीही मध्य रेल्वेचीच असावी, कारण हसली नाही. "तसं नाही. रात्रीपासून काही खाल्लं नाही ना? फास्टिंग शुगर आहे तुमची."

"नाही. फक्त पाणी." निघताना बायकोच्या कपातला चहाचा एक घोट घेतला होता, पण घोट म्हणजे काही खाणं नव्हे.

"मग फिस्ट करा."

दहा तासांच्या उपाशी कानाला ते 'फीस्ट' ऐकू आलं. पुढचं मला आवरलं नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला साबुदाणा वडा, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, वर पीयूष, सगळं एका रांगेत डोळ्यांपुढून गेलं. "आत्ता? रक्त घेण्याआधी?"

मागच्या खुर्चीवरून एक आजी कडाडल्या, "अहो, मूठ आवळा म्हणत्येय ती! मूठ!"

आता मूठ म्हटल्यावर मला कोण अडवणार? मी ती आवळली, सोडली, आवळली, सोडली. शीर वर यावी हा शुद्ध हेतू. "काका, पंपिंग नको! नुसती धरून ठेवा. त्याने पोटॅशियम उगाच वाढून दिसतं." म्हणजे पोटॅशियमसुद्धा माझ्याच हातात होतं तर. राखाडी झाकणाची बाटली शुगरला, जांभळ्या झाकणाची एचबीएवनसीला, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरला. दोन्ही भरल्या, कापूस लागला, आणि मी आजींची नजर चुकवून सटकलो.

घरी मुलीने मोबाईल काढून माझी शिकवणीच घेतली. "बाबा, फिस्ट म्हणजे वळलेली मूठ. फक्त वळलेली."

फक्त? आमची मूठ बघा. तलवारीला मूठ, छत्रीला मूठ, भांड्यात मूठभर दाणे. लोकलमध्ये जीव धरायचा तो मुठीत. शिवाय आमच्या कोकणातल्या मामीवर १९८७ साली कुणीतरी मारल्याची तिची आजही खात्री आहे, ती मूठ वेगळीच. इंग्रजांना तलवारीसाठी निराळा शब्द, छत्रीसाठी निराळा.

त्यांच्याही गमती आहेत म्हणा. टाइट-फिस्टेड म्हणजे चिक्कू, हॅम-फिस्टेड म्हणजे धसमुसळा. 'हँड ओव्हर फिस्ट' पैसा कमावणं हे मूळचं खलाशांचं. दोर ओढताना एका हातापुढे दुसरा हात टाकत जायचं. हे मला लगेच पटलं. गर्दीच्या डब्यात दारापासून आतपर्यंत मी तसाच सरकतो, एक कडी सोडून दुसरी धरत. पैसे मात्र त्यात कधी मिळाले नाहीत.

मग मुलीने वाचलं, "तारखात्यात मोर्स पाठवणाऱ्याच्या हाताच्या लकबीलाही फिस्ट म्हणतात. प्रत्येकाची कडकट्ट वेगळी, पलीकडचा ऐकून माणूस ओळखायचा."

मी उडालोच. माझे काका फाउंटनच्या तार ऑफिसात होते. रात्री जेवताना म्हणायचे, "नागपूरवाल्याची फिस्ट आज फार जड होती." मला लहानपणी वाटायचं, त्या बिचाऱ्याचा हात सुजलाय. एकदा तर मी त्याच्यासाठी आंबेहळद लावा म्हणून सुचवलंही होतं. काका जेवण थांबवून हसले, पण का, ते सांगितलं नाही. तार बंद झाली जुलै २०१३ मध्ये, काका त्याच्याही आधी गेले. त्या न पाहिलेल्या नागपूरवाल्याला मी पन्नास वर्षं सुजलेल्या हातानेच बसवून ठेवलं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. फास्टिंग १०८. बायकोने चष्मा लावून दोनदा वाचला.

"शंभरच्या आत हवी असते. उपाशी होतात ना तुम्ही?"

"फक्त पाणी," मी म्हणालो. टेबलाखाली माझी फिस्ट झाली होती. पंपिंग अजिबात नव्हतं.