थोरले शाहू महाराज खरंच दुबळे होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साताऱ्याच्या शाहू महाराजांवरच्या (संभाजी महाराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे नातू) लेखाखाली तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचा मुद्दा थोडक्यात असा: मुघल छावणीत वाढलेला हा राजा कायम बादशहाशी नमून राहिला, साताऱ्यात शिकारी करत बसला, राज्य पेशव्यांनी वाढवलं आणि मी विनाकारण त्याला थोर ठरवतोय.

छावणीचं आधी. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. आईसोबत कैदेत गेले, ते १७०७ मध्ये, औरंगजेब मेल्यावर सुटले. औरंगजेबाचा मुलगा आझमशाहाने सोडलं तेही मायेपोटी नव्हे. तेव्हा राज्य चालवणाऱ्या त्यांच्या काकू ताराबाईंसमोर दुसरा वारस उभा राहिला की मराठे आपसांत झुंजतील, हा त्याचा हिशेब. वर आई येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं. त्या परत आल्या १७१९ मध्ये. ज्याची आई बारा वर्षं शत्रूच्या ताब्यात आहे, त्याच्या नमण्याचा अर्थ लावताना जरा सबुरी हवी. त्याच वर्षी बादशहाकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या (प्रांतांच्या) चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे महसुलातला चौथा आणि दहावा हिस्सा वसूल करण्याच्या, सनदा आल्या. बदल्यात वर्षाला दहा लाखांची खंडणी आणि पंधरा हजार फौज कबूल करावी लागली. कागदावर ही चाकरीच. पण सहा सुभ्यांत वसुलीला फिरायची मोकळीक याच कागदाने मिळाली.

आता पेशव्यांचं. बाजीरावांना पेशवा कोणी केलं? १७२० मध्ये त्यांचे वडील, पेशवे बाळाजी विश्वनाथ वारले तेव्हा दरबारातल्या जुन्या मानकऱ्यांचा विशीतल्या पोराला विरोध होता. तो बाजूला सारून वस्त्रं दिली ती शाहूंनीच. माणूस पारखणं आणि मग त्याच्या पाठीशी राहणं हे राजाचं कर्तृत्व नाही, तर मग कशाला म्हणायचं?

खरी कसोटी गुजरातेतल्या डभईच्या लढाईनंतर लागली. १७३१ मध्ये बाजीरावांच्या फौजेशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. पेशव्याने सेनापतीशी लढावं आणि त्यात सेनापतीच मारला जावा, एवढ्यावर एखादं राज्य फुटलं असतं. शाहूंनी सेनापतिपद त्रिंबकरावांच्या भावाला, यशवंतरावांना दिलं आणि त्यांच्या आई उमाबाईंची समजूत काढली. पुढे १७४३ मध्ये बंगालवरून नानासाहेब पेशवे आणि नागपूरचे रघूजी भोसले एकमेकांवर चालून गेले, तेव्हाही निवाडा साताऱ्यातच झाला. बंगाल-ओडिशा रघूजींकडे, माळवा आणि आग्रा-प्रयागची बाजू पेशव्यांकडे. दोघांनी मुकाट ऐकलं. हाताशी भल्यामोठ्या फौजा असलेले हे सरदार एका घरबशा माणसाचं का ऐकत होते, हे तुमच्या मांडणीतून उलगडत नाही. (तसे ते अगदीच घरबसेही नव्हते, मिरजेच्या वेढ्याला स्वतः गेले होते.)

शिकारीचा शौक मात्र होता, तो नाकारत नाही. लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात.

तरीही तुमच्या जागी मी असतो तर टीका वेगळ्या ठिकाणी केली असती. मुलूख जिंकायचा ज्याने, वसूल खायचा त्यानेच, ही सरंजामाची रीत त्यांच्या कारकिर्दीत पक्की झाली. सरदार मोठे झाले, पण त्यांना धाक होता तो शाहूंच्या शब्दाचा, गादीचा नव्हे. शब्द देणारा गेल्यावर काय, याची तजवीज त्यांनी केली नाही. औरस मुलगा हयात नव्हता, तरी वारसाचा प्रश्न आजारपणापर्यंत लोंबकळत ठेवला. अखेर पुढे केले गेले रामराजे, आणि तेही हा आपला नातू या ताराबाईंच्या सांगण्यावरून. ज्यांच्याशी १७०७ मध्ये खेडला लढाई झाली, त्याच ताराबाई! शाहूंनी त्यांना साताऱ्यात मानाने ठेवलं होतं. डिसेंबर १७४९ मध्ये महाराज गेले. वर्ष उलटतं न उलटतं तोच ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेत टाकलं आणि हा आपला नातू नव्हेच, असंही जाहीर करून टाकलं. कारभार तोवर पुण्याला गेलेला होता. या निष्काळजीपणावर तुम्ही लिहिलंत, तर मी वाद घालायला येणार नाही.