डनस्पार्सच्या लेखाखालच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक वाचक,

पोकेमॉन खेळांतला साप डनस्पार्स आणि स्कार्लेट-व्हायोलेट या खेळांत आलेलं त्याचं पुढचं रूप डुडनस्पार्स, यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "तेवीस वर्षं थांबवून गेम फ्रीकने (हे खेळ बनवणारी कंपनी) शेपटीला एक तुकडा जोडला आणि तुम्ही टाळ्या पिटताय. हा जीव तुम्ही टीममध्ये कधी ठेवलाच नसेल." मग मोठे पंख हवे होते, तीन भागांचा डुडनस्पार्स मिळवणं म्हणजे छळ, ग्राफिक्स वाईट, मॉन्स्टर हंटर या दुसऱ्या खेळातला नाजाराला हा साप याच्याहून भारी, असं बरंच काही.

तुमचं मत वेगळं असेल, असू दे. पण "ठेवलाच नसेल" हे कशावरून ठरवलंत? माझ्या खांद्यावरून डोकावत होता का?

सांगतो, ऐका. पोकेमॉन गोल्डमध्ये मी या जाड्या, पंखवाल्या सापासाठी डार्क केव्ह पालथी घातली आहे. गुहेत कितीही भटका, पदरात झुबॅट नाहीतर जिओड्यूड हेच नेहमीचे पोकेमॉन. खेळातल्या रूट ३३वरच्या हायकर अँथनीचा नंबर घेऊन ठेवायचा आणि डनस्पार्सची झुंड आल्याचा त्याचा फोन कधी येतो याची वाट बघत बसायचं. एरवी तो फोन करून काहीबाही बडबडायचा, तेही निमूट ऐकलं. पुढच्या खेळांत डनस्पार्सला सिरीन ग्रेस ही क्षमता मिळाली. मग ग्लेअर या चालीने समोरच्याला पॅरालाइज करायचं आणि हेडबटचा मारा सुरू. हेडबटने समोरचा दचकून डाव गमावण्याची शक्यता एरवी ३० टक्के, सिरीन ग्रेसमुळे ६०. त्यात पॅरालिसिसची भर. चेष्टा करणारे मित्र चिडून खेळ बंद करायचे. या जोरावर लिहितो मी, टाळ्या पिटायला नाही.

आता तो "एक तुकडा". तुम्हाला काय हवं होतं, गरुडाएवढे पंख? अहो, हा बिळात राहणारा प्राणी आहे! कुणी पाहिलं की शेपटीच्या ड्रिलने जमीन पोखरत उलटा आत घुसतो. पंखांवर जेमतेम तरंगतो, इतकंच. मोठे पंख घेऊन बोगद्यात अडकणार नाही का? मुळात ही कल्पना जपानी लोककथेतल्या त्सुचिनोको या आखूड, जाड सापावरून आलेली दिसते. बुटका साप मोठा झाला तर लांबच होणार. डनस्पार्स दीड मीटर, १४ किलो. दोन भागांचा डुडनस्पार्स ३.६ मीटर. पोकेडेक्स, म्हणजे खेळातला पोकेमॉनचा कोश, सांगतं की तो खडकात सहा मैलांहून लांब बीळ कोरतो. त्याच्या हायपर ड्रिल या हल्ल्यापुढे प्रोटेक्ट ही बचावाची चालसुद्धा चालत नाही. बेस स्टॅट्सची, म्हणजे ताकदीच्या मूळ आकड्यांची, बेरीज ४१५ वरून ५२०. याला आळशीपणा म्हणायचं तर खुशाल म्हणा.

एक मात्र तुमचं रास्त आहे. तीन भागांचा डुडनस्पार्स शंभरातून एखादाच निघतो. कुठला निघणार हे डनस्पार्स हाती येतो तेव्हाच ठरलेलं असतं, पण वरून काही कळत नाही. ३२व्या लेव्हलला हायपर ड्रिल शिकवा, ती येत असताना लेव्हल वाढली की तो डुडनस्पार्स होतो, तेव्हा उलगडा. तोही निघाला तर ४.५ मीटर लांबी, स्टॅट्स मात्र तेच. हा छळ आहे आणि मी तसं लेखात लिहिलं होतं. तिथपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

स्कार्लेट-व्हायोलेटच्या ग्राफिक्सचं रडगाणं या लेखाचा विषय नव्हता. चोचवाला नाजाराला याच्याहून भारी असेलही, पण ते मॉन्स्टर हंटरच्या लेखाखाली बोलू. आणि "असल्या लेखांना कोण वाचतं" हे जे शेवटी विचारलंत, त्याचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. ती मी उडवलेली नाही. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, म्हणजे नीट भांडता येईल.