‘१८८५ चा रुपया, दहा कोटी’ : त्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

दिवाळीपासून आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-मानोरा पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर आला, बचत गटाच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा : घरात जुनी नाणी असतील तर ऑनलाइन लिलावात टाका, परदेशी ग्राहक रांगेत आहेत. १८८५ चा राणीछाप रुपया १० कोटींना गेला. राम दरबाराचं १८१८ चं नाणं लाखोंचं आहे. खरं-खोटं पाहायला चुंबक लावा. विकायला काही नसेल तर लिलावातून शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) घ्या, प्रमाणपत्रासह मिळते, वर्षात दुप्पट होते. रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे, फक्त नोंदणी फी भरा.

मी वीस-बावीस वर्षं नाणी जमवतो. व्यापारी नाही. पण या मेसेजमुळे माझ्या घरच्यांचे पैसे गेले आणि शेजारच्या तांड्यावरच्या बायका अंगावरची नाणी तोडून विकायला निघाल्या, म्हणून एकेक दावा घेऊन लिहितो.

‘१८८५ चा रुपया १० कोटींना गेला’

१८८५ साली कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींत हे रुपये कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले. आपल्याकडे त्याला ‘कलदार’ म्हणायचे. कास्तकाराच्या घरोघरी तो होता, म्हणून तर आजीच्या गाठोड्यात आजही सापडतो. जी वस्तू गाठोड्यागाठोड्यात निघते, तिला १० कोटी कोण देईल? झिजलेल्या साध्या कलदाराला त्यातल्या चांदीची किंमत आणि वर थोडंफार मिळतं. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना तोळा. ‘रुपयाभार’ हे वजन त्यावरूनच आलं. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम.

कोणीही कोणत्याही साइटवर आपल्या नाण्यासमोर १० कोटी लिहू शकतो. तो मागितलेला आकडा असतो. मिळालेली किंमत त्याहून वेगळी, आणि बातमीत उचलला जातो तो पहिला आकडा.

दुर्मीळ नाणी असतात, पण त्यांच्या दुर्मीळपणाला कारण असतं. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२ मध्ये चित्र सुधारलं. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया फारच कमी बाहेर आला. नेमका म्हणूनच बाजारात खोट्यांची गर्दी १९३९ वर आहे. दुसऱ्या सालाच्या खऱ्या नाण्यावरचा शेवटचा आकडा कोरून ३९ करतात. भिंगातून पाहिलं की त्या एका आकड्याभोवतीचा नाण्याचा पृष्ठभाग खरवडलेला दिसतो.

परदेशी ग्राहकाचं म्हणाल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १८८५ चं नाणं त्यात येतं. तेव्हा मेसेज तुम्हाला सरळ सरळ गुन्हा करायला सांगतो आहे.

‘चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे अस्सल’

हा दावा सगळ्यांत जास्त लोकांनी मनावर घेतला. आठवडी बाजारात एका ओळखीच्या माणसाने खिशातून रुपया काढला, चुंबक लावून दाखवलं आणि म्हणाला, ‘‘चुंबकाले चिकटला नाई भाऊ, मंग चांदीच असन ना?’’

चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर (तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) यांतलंही काहीच चिकटत नाही, आणि खोटी नाणी बहुतेक यांचीच बनतात. उलट १९४७ चा शेवटचा ब्रिटिश रुपया शुद्ध निकेलचा आहे. तो चिकटतो आणि तो अस्सल आहे. मेसेज वाचून लोक तो खोटा म्हणून बाजूला टाकतात.

मी त्याला सराफाच्या दुकानात नेलं. दोन दशांश दाखवणारा काटा होता. कोरडा रुपया ठेवला : ११.६४. वजन बरोबर भरलं, तो खूश झाला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणला आणि रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, तळाला आणि काठाला न टेकवता. खऱ्या कलदाराला काटा १.१३ च्या जवळपास थांबतो, कारण तेवढंच पाणी तो बाजूला सारतो. याचा १.३४ ला थांबला. ११.६४ भागिले १.३४ केलं तर ८.७ येतं, म्हणजे नाणं तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या ८.७ पट जड. चांदीच्या कलदाराचं उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. ८.७ ही जर्मन सिल्व्हरची खूण. वजन जुळावं म्हणून नाणं किंचित जाड केलं होतं, ते कडेकडून पाहिल्यावर दिसलं. त्याने तो ऑनलाइन बोली लावून घेतला होता आणि मुलीच्या लग्नात द्यायला ठेवला होता.

ही पाण्याची परीक्षा घरी करता येते. तिनेही सगळं पकडलं जात नाही, कारण चांदीचीच खोटी नाणी पाडणारेही आहेत आणि तो कोरलेला ३९ तर अस्सल चांदीवरच असतो. त्यासाठी भिंग हवं आणि जाणत्या माणसाची नजर हवी. पण बहुतेक भंगार या ग्लासातच उघडं पडतं.

एक कळकळीची विनंती याच ठिकाणी करतो : नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. वर्षानुवर्षं चढलेली काळसर झाक गेली की जाणता ग्राहक निम्मी किंमतही देत नाही, आणि तपासायला खूणही उरत नाही.

‘राम दरबाराचं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं’

कंपनीने राम-सीता-हनुमानाची अशी चलनी नाणी कधी पाडलीच नाहीत. बंगाल, मुंबई आणि मद्रास या कंपनीच्या तिन्ही इलाख्यांसाठी एकसारखं नाणं १८३५ मध्ये आलं आणि त्यावर चौथ्या विल्यमचा चेहरा होता. बाजारात दिसतात ते अलीकडे हौसेसाठी नाहीतर फसवण्यासाठी पाडलेले बिल्ले. देवघरात ठेवून त्याला हात जोडायचे असतील तर जरूर जोडा. त्यावर पैसे लावू नका. तांदळाचे दाणे स्वतःकडे खेचतं अशी थाप मारून ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणून जे लाखोंना दाखवतात, तेही पुष्कळदा हेच असतं.

‘लिलावातलं नाणं कंपनीने तपासलेलं असतं, वर प्रमाणपत्र मिळतं’

यात माझे काका फसले. त्यांनी एका ऑनलाइन लिलावातून पाच शिवरायांचा संच घेतला. किंमत लिहीत नाही, तुरीचे पैसे होते. सोबत चमकदार चिकटपट्टीचं प्रमाणपत्र होतं.

मी पाचही शिवराया खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पाचही नाण्यांवर सगळी अक्षरं पूर्ण आणि मधोमध. शंका तिथेच आली. शिवराई हाताने पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा वेडावाकडा, म्हणून कुठे ‘श्री’ कापला जातो, कुठे ‘शिव’चा व काठाबाहेर जातो, काठावरची टिंबांची माळ अर्धीच उमटते. दोन शिवराया हुबेहूब सारख्या नसतात. मग भिंग घेतलं. ‘राजा’च्या ज वर एक बारीक तिरपा ओरखडा होता. दुसऱ्या नाण्यावर तोच, तिसऱ्यावर तोच, तिथेच आणि तेवढाच. म्हणजे एका खऱ्या नाण्याचा साचा काढून त्यात पाचही ओतल्या होत्या. काठावर कानशीने घासलेली रेघ होती, आणि नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन पुसलं तर हिरवट ‘जुनेपणा’ कापसावर उतरला.

काका काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘महाराजांच्या नावानं बी?’’

साइटकडे तक्रार केली तर परतीचे दिवस संपल्याचं उत्तर आलं. बहुतेक साइट नाणं हातातही घेत नाहीत. विकणारा फोटो टाकतो, घेणारा बोली लावतो, साइट आपली टक्केवारी घेते. बोली चढवणारे कधीकधी विकणाऱ्याचेच दोस्त असतात.

प्रमाणपत्र तर कोणीही छापतो. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या संस्था नाणं तपासून प्लॅस्टिकच्या बंद डबीत देतात, पण त्या डब्यांच्याही नकला निघाल्या आहेत. डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि तिथे फोटो असेल तर ओरखड्याला ओरखडा जुळवा. नुसता क्रमांक जुळून भागत नाही, खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून खोट्या डबीवर छापतात.

बोली लावायचीच असेल तर विकणाऱ्याकडे आधी तीन फोटो मागा : काठाचा, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा आणि आजच्या तारखेच्या पेपरवर ठेवलेल्या नाण्याचा. खरा माणूस दहा मिनिटांत पाठवतो. पैसे साइटबाहेर परस्पर देऊ नका, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, आणि आलं त्याच दिवशी तपासा. काकांनी पार्सल मुहूर्तावर उघडायचं म्हणून दहा दिवस तसंच ठेवलं होतं.

तो संच आम्ही तक्रार करून साइटवरून उतरवला. पुढच्याच आठवड्यात तेच फोटो दुसऱ्या नावाने आले. पुन्हा तक्रार, पुन्हा उतरवला. सध्या तिसऱ्या नावाने आहे आणि तिसरी तक्रार आम्ही केलेली आहे. हे काम कंटाळवाणं आहे, तरी करत राहणार, कारण दर वेळी निदान चार-सहा लोक वाचतात.

‘रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे, फक्त फी भरा’

४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून स्पष्ट सांगितलं आहे : जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, कोणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या नावाने ते घ्यायचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. जो विकत घेणार, तो आधी तुमच्याकडूनच पैसे का मागेल? पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

‘शेतात सापडलेलंही टाका, कोण विचारतं’

हे मेसेजच्या शेवटी एका ओळीत आहे आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. आमच्यापासून जवळच, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. नागपूरचे इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले राजे, कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, त्या नाण्यांतून समोर आले. तो साठा एकत्र राहिला म्हणून हे कळलं. तीच नाणी आज निघाली तर एकेक करून फोटोसह साइटवर जातील, त्यांचे साचे निघतील, आणि पुढच्या अभ्यासकाला खरं कुठलं आणि ओतलेलं कुठलं हे ठरवण्यातच वर्षं घालवावी लागतील.

जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू १० रुपयांहून जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असा १८७८ पासूनचा कायदा आहे.

पावसाळ्याआधी आमच्या गावातल्या एका पोराला वखरणीत तीन नाणी सापडली, हिरवी पडलेली, नखाएवढी. मेसेज वाचून त्याने फोटोही काढले होते. मी आणि त्याचे वडील त्याच्यासोबत तहसीलला गेलो, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला, जागेचा गट नंबर लिहिला. पोच मिळाली आहे. नाणी मातीसकट कागदात गुंडाळून ठेवलीत, धुतलेली नाहीत, आणि फोटो त्याने कुठेही टाकलेले नाहीत.