मिठाचा रंग बदलून बीपी उतरत नाही

आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मजकूर तीनदा आला. पांढऱ्या मिठात सायनाइड असतं. सैंधवात ८४ खनिजं असतात. सैंधवाने बीपी वाढत नाही. आणि मुंबईकर समुद्राकाठी राहतो, मासे खातो, त्याला आयोडीनच्या मिठाची गरजच नाही. माझ्या धाकट्या भावजयीला पाचवा महिना लागलाय. तिने हे वाचून मिठाची बरणी रिकामी केली आणि त्यात गुलाबी सैंधव भरलं. म्हणून हे लिहायला बसले.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण खरं नुकसान तिथे आहे.

समुद्राकाठी राहिल्याने पोटात आयोडीन जात नाही. समुद्राचं पाणी आटवून काढलेल्या साध्या मिठातसुद्धा ते नावापुरतंच असतं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जाताना मुलुंड, भांडुप, कांजूरच्या बाजूला मिठागरं दिसायची, तिथलं खडे मीठ आपल्याच खाडीचं, तरीही त्यात वरून आयोडीन घातल्याशिवाय भागत नाही. मासळीतून आयोडीन मिळतं, हे खरं. पण घरात मासळी किती दिवस शिजते ते मोजा. जून-जुलैत मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. आणि जी घरं शाकाहारी आहेत त्यांचं काय? देशभर केलेल्या पाहण्यांत आयोडीनच्या कमतरतेपासून एकही राज्य सुटलेलं आढळलं नाही. किनारपट्टीची राज्यंही नाहीत.

आयोडीन कमी पडलं की गळा सुजतो, त्याला गलगंड म्हणतात. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात असे रुग्ण गावोगाव होते. तिथे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, काही भागांत साधं. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड उतरला. त्याच कामातून १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे आपल्या मिठात आयोडीन आलं ते माणसांचे गळे तपासून आलं.

गळ्याची गाठ निदान दिसते तरी. पोटातल्या बाळाचं तसं नाही. त्याच्या मेंदूच्या वाढीला थायरॉइडचं संप्रेरक लागतं, ते बनायला आयोडीन लागतं, आणि सुरुवातीचे काही महिने ते सगळं आईकडूनच येतं. तीव्र कमतरता राहिली तर बाळाच्या बुद्धीचं झालेलं नुकसान नंतर भरून निघत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गर्भवतीला २५० च्या आसपास लागतं. नेमकी हीच बाई बरणी बदलते तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

आता बीपी. तो वाढवतं मिठातलं सोडियम. सैंधव म्हणजेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, शंभरातले ९५ हून जास्त भाग. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. शिवाय जाडसर सैंधव चमच्यात कमी मावतं, जिभेला कमी खारट लागतं, मग हात आणखी एक चिमूट टाकतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, वडापावबरोबरची तळलेली मिरची, बिस्किटं सगळं आलं. बीपी असलेल्या सासऱ्यांच्या ताटातून आधी लोणच्याची फोड आणि पापड कमी करा. कोणाला असंही वाटेल की आयोडीनसाठी मीठ जास्त खावं लागेल. नाही. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. त्या हिशेबाने ५ ग्रॅम मिठातही ७५ मायक्रोग्रॅम मिळतं, उरलेलं दूध, दही, अंडी, मासळी यांतून येतं. गर्भवतीने मात्र बाकीचं कसं भरून काढायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

८४ खनिजांचं गणित सोपं आहे. ५ ग्रॅम सैंधवात मीठ सोडून बाकी सगळं मिळून जास्तीत जास्त पाव ग्रॅम. त्यातली बहुतेक नावं मोजता येणार नाहीत इतक्या अंशाने असतात, आणि त्या याद्यांत शिसं, आर्सेनिक हीसुद्धा नावं सापडतात. कॅल्शियम हवंय? शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात ते ३०० मिलिग्रॅमच्या वर असतं. एक भाकरी थापा.

सायनाइडचं नाव काढून लोकांना घाबरवणं मला सगळ्यात वाईट वाटतं. मीठ पावसाळ्यात गोळा होऊ नये म्हणून फेरोसायनाइड नावाचा क्षार अगदी थोडा घालतात. त्यातलं सायनाइड लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की स्वयंपाकाच्या उष्णतेने सुटत नाही. भारतात त्याची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मिठात ०.०५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज सुरक्षित मानलेलं प्रमाण याच्या तीसपट आहे.

सैंधव वाईट आहे असं मी म्हणत नाही. उपासाच्या साबुदाण्यात, ताकात ते छान लागतं, माझ्याही घरात आहे. पण रोजच्या वरण-भाजीत आयोडीनयुक्तच मीठ घाला. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का ते वाचा, काही सैंधवाच्या पाकिटांवरही ते असतं. बरणीचं झाकण घट्ट लावा, शेगडीपासून लांब ठेवा आणि मीठ शक्यतो भाजी उतरवताना घाला, म्हणजे आयोडीन कमी उडतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर 'कमी सोडियम'चं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि कमजोर मूत्रपिंडाला ते नीट बाहेर टाकता येत नाही.

भावजयीची बरणी काल परत भरून दिली. गुलाबी मीठ उपासाच्या डब्यात गेलं.